दीडपट

महोत्सव लहान होता, पण नियम मोठ्या महोत्सवांना लाजवतील असे. त्यातला सगळ्यात जुना नियम हट्टाच्या सिनेमाचा. बाकीचे सिनेमे मतदानाने, वादावादीने, टेबलावर चहाचे कप आदळून निवडले जायचे. पण निवड समितीतल्या प्रत्येकाला दरवर्षी एक सिनेमा असा मिळायचा, की तो केवळ त्याने म्हटलं म्हणून घ्यायचा. त्यावर दुसऱ्या कुणी ब्र काढायचा नाही. बदल्यात एकच अट होती. तो सिनेमा सुरू होण्याआधी हट्ट करणाऱ्याने पडद्यासमोर उभं राहायचं आणि हातात कागद न घेता, हा मी का निवडला, ते सगळ्यांना सांगायचं.

बाईंच्या हट्टाच्या सिनेमाला सभागृह भरायचं. त्यातले निम्मे लोक सिनेमासाठी यायचे आणि निम्मे बाईंसाठी. बाई म्हणजे गावातल्या एकुलत्या एक नावाजलेल्या सिनेसमीक्षक. कॉलेजात सिनेमा शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. पाठीमागे मात्र त्यांना ‘कात्री’ म्हणत. एका दिग्दर्शकाने तर भर सभेत सांगितलं होतं, की सेन्सॉर परवडलं, ते निदान काय कापलं ते कळवतं.

या बाईंचं दैवत एकच, संथपणा. संथ सिनेमावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, ते तितक्याच संथपणे खपत होतं. ‘घाईत जेवलेलं अंगी लागत नाही आणि घाईत पाहिलेला सिनेमा डोळ्यांत राहत नाही’ हे त्यांचं वाक्य विद्यार्थ्यांना पाठ होतं. एका विद्यार्थिनीने एकदा कबूल केलं, की अभ्यासाला लावलेला सिनेमा तिने लॅपटॉपवर वेग वाढवून पाहिला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला पुस्तकातलं एक प्रकरण हातात दिलं आणि तितक्याच वेगाने मोठ्याने वाचायला लावलं. दुसऱ्या पानावर त्या मुलीला धाप लागली आणि वर्गाला कायमचा धडा मिळाला.

स्वतः बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून महोत्सवाचे सिनेमे बघायच्या. त्यांची एक खास सवय होती. पडद्याच्या खालच्या कडेला, जिथे सिनेमा किती झाला आणि किती उरला ते दिसतं, तिथे त्या कागदाची पट्टी चिकटवायच्या. लांबी दिसली, की माणूस सिनेमा बघत नाही, उरलेली मिनिटं बघतो, असं त्यांचं म्हणणं. ती पट्टी वर्षानुवर्षं तिथेच होती. एखादी सुटली, तर त्या दुसरी लावायच्या.

यंदाचा त्यांचा हट्ट होता ‘फाटकापर्यंत’. एका मुलीचा पहिलाच सिनेमा, घरच्या घरी, एका कॅमेऱ्याने केलेला. मोठ्या महोत्सवांनी तो एकामागून एक परत पाठवला होता. त्यात घडतं एवढंच, की वय झालेली एक बाई बिछान्यातून उठते, स्वयंपाकघरात जाते, तिथून व्हरांड्यात येते, अंगणातून फाटकापर्यंत जाते आणि परत येते. सबंध सिनेमात ती मोजून दोन-चार वाक्यं बोलते. बाई बेहद्द खूश झाल्या होत्या. महोत्सवाच्या पुस्तिकेत त्यांनी लिहिलं, ‘म्हातारपण म्हटलं, की आपले सिनेमावाले माणसाला खुर्चीत बसवून खिडकीबाहेर बघायला लावतात. ही बाई बसतच नाही. घरभर वारा खेळतो आहे, पडदे उडताहेत आणि ती झपाझप चालते आहे. मागे धावणाऱ्या कॅमेऱ्याची दमछाक होते. वार्धक्यावरचा इतका चपळ सिनेमा मी पाहिलेला नाही.’

पुस्तिका मिळताच त्या मुलीचा फोन आला होता. ‘बाई, चपळ हा शब्द वाचून आई दिवसभर हसत होती. मी तिलाही घेऊन येतेय.’ बाईंना बरं वाटलं. टीका करून नावाजलेल्या माणसाला आभाराचे फोन कमीच येतात.

सिनेमा दाखवायचा त्या दिवशी सकाळी बाई सहज सभागृहात डोकावल्या. तिथे मामा संध्याकाळची तयारी करत होते. मामा म्हणजे महोत्सवाचं यंत्रघर सांभाळणारे. कुणाचे सख्खे मामा होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण यंत्रापासून सभागृहाच्या पंख्यापर्यंत सगळं त्यांच्या हाती होतं. पडद्यावर ‘फाटकापर्यंत’ चालू होता. बाई दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“मामा, अडकतंय.”

“काय अडकतंय, बाई?”

“चित्र. बघा ना, पाऊल उचललं ते अजून टेकलं नाहीये.”

मामांनी पडद्याकडे पाहिलं. पाऊल शेवटी टेकलं. मग त्या बाईने भिंतीला हात लावला आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मामांनी तारा काढून परत लावल्या. यंत्र बंद करून चालू केलं. दुसऱ्या यंत्रावर लावून पाहिलं. पडद्यावरची बाई ना हुं करत होती, ना चूं. आपल्याच गतीने पुढे सरकत होती.

“यंत्राचं तर काही दुखत नाहीये,” मामा म्हणाले.

“मग फाइल खराब असेल. मी हा सिनेमा पाहिलाय, मामा. ही बाई अशी चालत नाही. पळते ती नुसती.”

मामांचा यंत्रावर विश्वास होता, पण बाईंवर त्याहून जास्त. त्यांनी लगेच दिग्दर्शिकेला फोन लावला, की तुमच्या फाइलमध्ये दोष आहे, दुसरी प्रत घेऊन लवकर या. आणि बाई घरी निघाल्या, आपल्या लॅपटॉपवरची चांगली प्रत आणून मामांना दाखवायला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फक्त कळसा घरी टेबलावर होता.

घरी डॉक्टर जेवत होते. डॉक्टर म्हणजे बाईंचे यजमान, दातांचे. खालच्या मजल्यावर दवाखाना आणि वर घर, त्यामुळे दुपारचं जेवण दोघं एकत्र घ्यायची. जगातल्या उत्तमोत्तम सिनेमांच्या वेळी डॉक्टर बाईंच्या शेजारी झोपलेले होते. यात त्यांना लाज नव्हती. दिवसभर लोकांच्या तोंडात दिवा धरून बघतो, संध्याकाळी अंधारात बसवलं की डोळे मिटतात, असं ते सांगायचे.

बाईंनी ताटाशेजारी लॅपटॉप उघडला. सिनेमातली नेमकी ती जागा चटकन सापडावी, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच खालची पट्टी सोलून काढली. पट्टीखाली वेळेची रेघ होती आणि रेघेच्या टोकाला बारीक आकड्यांत लिहिलं होतं, १.५.

बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना सगळं आठवलं. हा सिनेमा पाहिला त्याच आठवड्यात, त्याच्या थोडं आधी, कॉलेजच्या परीक्षेसाठी विद्यार्थ्यांनी आपापली भाषणं चित्रित करून पाठवली होती. पोरं दोन वाक्यांच्या मध्ये इतका श्वास घेतात, की पेपर तपासणाऱ्याचा जीव जावा. त्यांनी वेग वाढवला होता. दीडपट. तो कमी करायचा राहिला आणि आकडा स्वतःच्याच पट्टीखाली झाकला गेला. सिनेमात बोलणं जवळपास नाहीच, त्यामुळे संशय यायला जागा नव्हती.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टर घास हातात धरून ऐकत होते. त्यांना हसू येत होतं हे स्पष्ट दिसत होतं, पण रोज कळवळणारी माणसं बघून ते दाबायची त्यांना सवय होती.

“अति घाई संकटात नेई,” ते एवढंच म्हणाले.

“ते रस्त्यावरच्या पाटीवर असतं.”

“तुझ्या पुस्तकातही आहे. चारशे पानं लागली तुला.”

“हसा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. उद्या गावभर होईल.” बाईंनी लॅपटॉप मिटला. “पण माझं जाऊ द्या हो. ती पोरगी आईला घेऊन आलीये. तिला वाटतंय, कुणालातरी तिचा सिनेमा कळला. आणि मी तो पाहिलाच नाही. भलताच पाहिला. आता संध्याकाळी पडद्यासमोर उभी राहून काय सांगू, का निवडला म्हणून?”

“खोटं सांगशील?”

“मला येत नाही ते.”

“मग खरं सांगशील?”

“मग तिचं काय राहील? सगळीकडून नाकारला गेलेला सिनेमा, एका ठिकाणी घेतला, तोही चुकून. हे पहिल्याच सिनेमाला ऐकलं, तर दुसरा करेल का ती?”

इथेच घोडं पेंड खात होतं. डॉक्टरांनी हात धुतले, खुर्ची ओढली आणि बायकोच्या शेजारी बसले.

“दीडशहाणे, आधी बघ तरी,” ते म्हणाले. “नीट बघ. तुला आवडला नाही, तर प्रश्न वेगळा आहे. आवडला, तर वेगळा.”

दवाखान्यात निरोप गेला, की डॉक्टर उशिरा येतील. बाईंनी वेग एकावर आणला आणि दोघांनी ‘फाटकापर्यंत’ पहिल्यापासून पाहिला.

तो वेगळाच सिनेमा होता. घरभर वारा खेळत नव्हता, छताचा पंखा संथ फिरत होता आणि पडदे जेमतेम हलत होते. बिछान्यातून उठताना ती बाई आधी उजवा हात टेकवायची, मग डावा पाय उजव्या हाताने उचलून खाली ठेवायची. दीडपट वेगात हे एका झटक्यात होऊन गेलं होतं, लकबीसारखं. भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक मळकट पट्टा होता, खोलीपासून व्हरांड्यापर्यंत. बाईंना तो रंगाचा वाटला होता. तो तिच्या तळहाताने पडलेला होता. आणि ती जी दोन-चार वाक्यं बोलायची, ती एकेक शब्द शोधून, जुळवून, जपून बोलत होती. बाईंनी ऐकली होती तेव्हा ती कुणीही बोलावं तशी वाटली होती.

अंगणात तिने पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा बाईंना भान आलं, की शेजारून घोरणं ऐकू येत नाहीये. त्यांनी वळून पाहिलं. डॉक्टर टक्क जागे होते, खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते आणि त्यांनी टेबल घट्ट धरलं होतं.

“झोपला नाहीत?”

“झोपू कसा? पडली म्हणजे?”

ती पडली नाही. फाटकापर्यंत पोचली, कडी काढली, रस्त्याकडे बघून घेतलं, कडी लावली आणि परत फिरली. डॉक्टरांनी श्वास सोडला. बाई रडत होत्या. आपण रडतोय याचं त्यांना नवल वाटलं नाही, नवल याचं वाटलं, की पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या नुसत्या खूश झाल्या होत्या. आणि तेही खोटं नव्हतं.

संध्याकाळी त्या लॅपटॉप काखोटीला मारून सभागृहात गेल्या. पडद्यामागच्या लहान खोलीत दिग्दर्शिका बसली होती. तिशीची असेल. हातात दुसरी प्रत, चेहऱ्यावर काळजी. आईला तिने पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं होतं.

“बाई, मी दोन्ही प्रती तपासल्या,” ती लगबगीने म्हणाली. “मला कुठेच दोष दिसत नाही. मामा म्हणतात, पडद्यावर आई फार हळू चालतेय. पण ती चालतेच तशी.”

“फाइलमध्ये दोष नाही. दोष माझ्यात आहे,” बाई म्हणाल्या आणि समोर बसून त्यांनी पट्टी, आकडा, परीक्षा, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही आणि काही गोडही केलं नाही.

मुलीने हातातली प्रत पिशवीत ठेवली, परत काढली.

“म्हणजे तुम्ही माझा सिनेमा निवडलाच नाही,” ती म्हणाली.

“निवडला. आज दुपारी.”

“आता असं म्हणावंच लागेल ना तुम्हाला.”

“मला काही म्हणावं लागत नाही, म्हणून तर मला कात्री म्हणतात. आवडला नसता, तर तेही इथेच सांगितलं असतं. माझे यजमान तीस वर्षांत एकाही सिनेमाला शेवटपर्यंत जागे राहिले नाहीत. आज राहिले. टेबल धरून. त्यांना विचार, बाहेर बसलेत.”

मुलीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. “तुम्ही चपळ लिहिलंत ना, मला वाटलं, तुम्हाला आतलं दिसलं,” ती म्हणाली. “आई आजारी पडण्याआधी तशीच होती. नर्स होती ती. सगळं गाव तिला सिस्टरच म्हणायचं. वॉर्डात तिचा पाय ठरायचा नाही. बाजारात जायचं तर मी मागे आणि ती पुढे. मी पळत असायचे. मागे वळूनसुद्धा न बघता म्हणायची, चल, मागे राहतेस. माझं सगळं लहानपण तिच्या पाठीकडे बघण्यात गेलं.”

“तसं काही चित्रित केलेलं आहे?”

“नाही. तेव्हा कुठला कॅमेरा? माझ्या हातात कॅमेरा आला तोवर तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. आणि हा सिनेमा करताना मला सगळ्यात अवघड काय गेलं माहितीये? तिच्या मागे राहणं. सारखी भीती, की मी पुढे जाईन.”

बाहेर घंटा झाली. मामांनी दारातून डोकं आत घातलं आणि दोघींचे चेहरे बघून परत बाहेर काढलं.

“मी काय सांगू बाहेर?” बाईंनी विचारलं. “तू म्हणशील ते. सिनेमा तुझा आहे.”

मुलीने विचार केला. “आधी काही सांगू नका,” ती म्हणाली. “आधी त्यांना बघू दे. मग खरं सांगा. आईला मीच सांगते आता, तिला दुसऱ्यांदा हसायला मिळेल.”

बाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. सभागृह भरलेलं होतं. मागच्या रांगेत ‘सेन्सॉर परवडलं’वाले दिग्दर्शकही होते. बाईंनी घसा साफ केला.

“दरवर्षी मी हा सिनेमा का निवडला ते आधी सांगते,” त्या म्हणाल्या. “यंदा नंतर सांगणार आहे. पुस्तिकेत मी जे लिहिलंय, ते कृपा करून विसरा. आणि घड्याळ बघू नका.”

असं कधी झालं नव्हतं, म्हणून लोक कुजबुजले. मग दिवे गेले.

काही जण उठून गेले, ते जाणारच होते. उरलेले मात्र जे बसले, ते बसले. अंगणातल्या पहिल्या पावलाला सगळं सभागृह एकदम थिजलं आणि कुणीतरी अंधारात “जपून” म्हणालं. बाई कडेला उभ्या राहून पडदा सोडून लोकांकडे बघत होत्या. इतकी माणसं हाताने खुर्चीच्या कडा धरून बसलेली त्यांनी कुठल्या थरारपटालाही पाहिली नव्हती.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, बऱ्याच झाल्या. टाळ्या थांबल्यावर बाई परत पुढे आल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आधी मागच्या रांगेतून तो दिग्दर्शक हसायला लागला, अगदी पोट धरून. मग ती धाप लागलेली विद्यार्थिनी, जी आता स्वतः वर्तमानपत्रात सिनेमावर लिहायची. मग सगळेच. वर्षानुवर्षं ज्यांच्या ज्यांच्या सिनेमावर कात्री चालली होती, ते सगळे त्या हसण्यात आपापलं येणं वसूल करत होते. बाईंनी त्यांना मनसोक्त हसू दिलं. त्यांना स्वतःलाही हसू येत होतं. अपेक्षेपेक्षा कमी दुखलं, असं त्यांनी नंतर डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कीड काढल्यावर तसंच होतं.

“तर मी एक सिनेमा निवडला आणि दुसरा दाखवला,” बाई म्हणाल्या. “निवडलेला चांगला होता. दाखवलेला त्याहून चांगला आहे. माझ्या नशिबाने दोन्ही एकाच मुलीचे निघाले.”

लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक हात वर झाला. सिस्टरचा. दुसरा हात काठीवर होता.

“मला,” त्या म्हणाल्या. सगळे थांबले. सिनेमा पाहिल्यामुळे त्यांच्या दोन शब्दांमध्ये थांबायची आता सगळ्यांना सवय झाली होती. “मला तो… दुसरा… दाखवा.”

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना वाचता आलं नाही. पण तिने मान हलवली.

लॅपटॉप मामांकडे गेला, तारा जोडल्या गेल्या. सगळा सिनेमा परत दाखवायचा नव्हता, बाईंनी व्हरांड्यापासूनचा भाग काढला आणि वेग दीडपट केला. पट्टी निघालेली होती. त्यामुळे मोठ्या पडद्यावर खाली वेळेची रेघ दिसत होती आणि टोकाला तो आकडा. कुणीतरी खुसखुसलं. दिवे परत गेले.

व्हरांड्याच्या दारात सिस्टर आल्या. एक हात चौकटीवर टेकला न टेकला, तोच पायरी उतरून अंगणात. झाडांची पानं सळसळली, जणू मोठा वारा सुटलाय. सिस्टर चालत निघाल्या, झपाझप, खांदे थोडे पुढे काढून, दुसऱ्या वॉर्डातून कुणीतरी हाक मारल्यासारख्या. आणि त्यांच्या मागे, हिसके खात, धडपडत, अंतर राखता राखता दमून जाणारा तो कॅमेरा. ती पाठ पुढे आणि हा मागे. एका लहान मुलीने पळत पळत बघावी तशी ती पाठ पडद्यावर हलत होती.

कुणी हसलं नाही. दिग्दर्शिका भिंतीशी उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता.

पहिल्या रांगेतून आवाज आला. शब्द सुटे सुटे होते, पण त्यात दटावणी पुरेपूर होती आणि बोलणाऱ्या बाईने मागे वळून पाहिलं नव्हतं. नजर पडद्यावरच्या स्वतःवर होती.

“चल… मागे… राहतेस.”

भिंतीजवळची मुलगी अंधारात वाट काढत, लोकांच्या गुडघ्यांना धडकत पुढे गेली.

“आले गं, आई, आले,” ती म्हणाली आणि आईच्या खुर्चीशी खाली बसली.

पडद्यावर फाटक आलं. सिस्टरनी कडी काढली, रस्त्याकडे बघून घेतलं, कडी लावली. मामांनी खुणेने विचारलं, बंद करू का. बाईंनी मानेने नको म्हटलं, आणि सिस्टर व्हरांड्यात परत येईपर्यंत सगळे बसून राहिले.